उतारा

कारखान्याचा बॉयलर पेटला त्याच आठवड्यात
सांगलीच्या सिव्हिलमध्ये नर्सनं पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज
पाण्यात ढवळून माझ्या हातात दिलं.
पाच मिनिटांत संपव, म्हणाली, आणि ओकू नकोस.
दोन तास बाकावर.
समोर कॅलेंडरात एक बाळसेदार पोर उगीचच हसत होतं.

एकशे अडुसष्ट.
"तुमच्या घरात कुणाला शुगर आहे?"
घरात कशाला, मॅडम,
आमच्या आष्ट्यात शिवारभर उभी आहे.

सुकुमार कारखान्याच्या लॅबमध्ये.
उसाचा रस नळीत धरून उजेडात बघायचा,
त्यात साखर किती ते लिहायचं, हा त्याचा पगार.
तो चपला काढत असतो तेव्हाच मी विचारते,
आज उतारा किती?
अकरा सत्तर. कधी बारा.
बारा असला की शीळ घालत येतो.
मग थोडं थांबून विचारतो, तुझा?
मी वही पुढं करते. लाल शाई बघून
तो हातपाय धुवायला जातो.

पलीकडच्या सोनाबाई म्हणाल्या, नजर लागलीय पोरीला,
तिठ्यावर उतारा टाका,
दहीभात, वर लिंबू.
मी म्हटलं, भात ठेवणार असाल
तर मीच जाऊन बसते तिठ्यावर.

डोहाळे विचारू नका. मला भडंग हवं होतं,
लसूण लावलेलं, तिखट, कागदातून खाताना बोटं पिवळी होणारं.
ओटभरणाला बायका म्हणाल्या, एका घासानं काय होतंय?
काय होतंय ते माझ्या बोटांना विचारा,
दहाही जणी सांगतील.

नुसत्या भाकरी मोजून आणि जेवल्यावर
मळीच्या वासातून रस्ताभर चालून भागलं नाही.
आठव्यात इन्सुलिन.
पोटाची कातडी चिमटीत धरायची, बाळ लांब असतं,
त्याला कळतसुद्धा नाही, नर्स म्हणाली.
एका रात्री सुई टेकवली आणि ते नेमकं हललं.
मी सॉरी म्हणाले. मोठ्यानं.

सासूबाई दिवस मावळल्यावर पाणीही घेत नाहीत.
तीस वर्षं.
रात्री आमच्या स्वयंपाकघरात कुणी भांडं वाजवत नाही.
एका पहाटे माझी साखर उतरली,
घामानं अंगावरचं गाऊन भिजलं, हात कापायला लागले,
सुकुमारचं नावच आठवेना.
त्यांनीच आधी पाहिलं.
चमचा शोधला नाही. डब्यात हात घालून
बोटांनीच माझ्या जिभेवर साखर ठेवली.

तेव्हापासून रोज रात्री दहाला त्या गॅस लावतात.
बिनसाखरेचं दूध, मूठभर फुटाणे.
मी संपवीपर्यंत शेजारी बसून राहतात,
तोंड दुसरीकडे करून.

कळा सुरू झाल्या तेव्हा सांगलीवाडीच्या अलीकडं
उसाची ट्रॉली उलटली होती.
अर्धा तास आम्ही गाडीत,
आणि रस्त्यावरची पोरं कांड्या सोलून खात होती.

मुलगी.
तिच्या आयुष्यातली पहिली सुई टाचेला,
थेंबभर रक्त, आणि आकडा: अठ्ठावन्न.
बाहेर सुकुमार सवयीनं म्हणाला, उतारा कमी वाटतोय.
नर्स म्हणाली, तुमचा कारखाना बाहेर ठेवा.
एवढ्याशा जिवाला चालतो.

सहा आठवड्यांनी पुन्हा तेच पाणी, तोच बाक.
कॅलेंडरावर आता दुसरंच पोर.
सुकुमारचा फोन आला. मागं भोंगा वाजत होता.
गाळप संपलं, म्हणाला, सरासरी अकरा ब्याण्णव.
तुझा किती?
थांब, अजून एक तास आहे.
मांडीवर ही तोंड उघडून पदर शोधत होती.
तिला भूक लागली होती.
मला केव्हाची लागली होती.